हौशी नाटकाच्या ऑडिशनला जायचंय, नाटक गाजलेल्या कादंबरीवरचं आहे. कादंबरी पाठ करून जाऊ का? घरी तेलुगू बोलतो, आठ दिवसांत मराठी उच्चार सुधारतील का? (सोलापूर)

पाठ करू नका. एकदा वाचा, आवडली तर दोनदा वाचा, आणि पुस्तक घरी ठेवून जा. उच्चारांचं म्हणाल तर आठ दिवसांत काही होत नाही. माझे तीस वर्षांत पुरते सुधारले नाहीत, तरी अकरा नाटकांत उभा राहिलोय.

मी तुमच्यातलाच. घर साखर पेठेत, वडील मागावर, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड-उर्दू-मराठी सगळंच, शाळा मराठी. बाविसाव्या वर्षी टॉवेलच्या कारखान्यात मस्टर लिहायला लागलो, आजही तेच करतो. पहिली ऑडिशन त्याच वर्षी दिली. नाटक विभावरी शिरूरकरांच्या 'बळी'वरचं होतं. शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्या नोकरीच्या निमित्ताने सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होत्या, तिथं जे पाहिलं त्यातून ही कादंबरी आली, 1950 साली. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यातल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवायचे आणि रोज हजेरी घ्यायचे, तीच सेटलमेंट. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. 'सेटलमेंट' म्हणजे सात रस्ता, नवी पेठ तसा एक पत्ता, एवढंच डोक्यात. रिक्षावाल्याला सांगायचं नाव.

तर मी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि निम्मं वहीत उतरवून काढलं. नायकाच्या मनात जे जे चालतं ते पाठ. आरशासमोर दोन रविवार गेले. आई म्हणायची, पोराला काय झालंय.

ऑडिशन एका शाळेच्या हॉलमध्ये होती. बाक भिंतीला सरकवलेले, टेबलामागे दिग्दर्शक, एक बाई आणि संहिता लिहिणारे गृहस्थ. माझ्या हातात जे पान आलं त्यात मी पाठ केलेलं एक अक्षर नव्हतं. असणार कसं? कादंबरीत माणूस चार पानं विचार करतो, नाटकात तेवढ्या वेळात तो चपला घालून निघून गेलेला असतो. मनातलं सगळं रूपांतर करणारा काढून टाकतो किंवा दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालतो. तुम्ही पाठ करून गेलात की हातातल्या पानावर लक्षच राहत नाही, डोकं गाळलेलं शोधत बसतं. माझं तसंच झालं. निम्म्यावर दिग्दर्शकांनी थांबवलं. "चांगलं वाचलंस. बातम्या द्यायला हरकत नाही."

मग विचारलं, काय करतोस? म्हटलं, कारखान्यात मस्टर लिहितो.

त्यांनी पानं चाळून दुसरा कागद दिला. शिपाई हजेरी घेतो तो प्रसंग. संवाद असा नाहीच, नुसती नावं. मी छाती काढून, आवाज जाड करून सिनेमातल्या खलनायकासारखी नावं पुकारली.

"कारखान्यात असाच ओरडतोस काय?"

"नाही सर."

"मग कसा घेतोस? तसं घे."

मी बाकावर बसलो. खिशातलं पेन काढलं. मान खाली. एक नाव, टेबलामागून कुणीतरी 'हजर' म्हणालं, खूण केली. दुसरं नाव, हजर, खूण. चौथ्या नावाला मुद्दाम कुणीच बोललं नाही. मी वर पाहिलं नाही, कारण आम्ही पाहत नाही. पेनाचं टोक त्या नावावर ठेवलं, तेच नाव त्याच आवाजात परत घेतलं, थांबलो आणि फुली मारून पुढं गेलो. कारखान्यात त्या फुलीचा अर्थ एक दिवसाचा पगार. त्या बाई हळूच म्हणाल्या, "अगं बाई." दिग्दर्शकांनी माझं नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी मान वर करून हजेरी घेतली. आठवडाभर घेतली. मग पगाराची तारीख आली आणि मान परत खाली गेली, ते असो.

सांगायचं हे, की तिथं बसलेल्यांना तुम्ही घरून बनवून आणलेलं पात्र नको असतं. सांगितलं की तुम्ही बदलता का, समोरच्याचं ऐकता का, हे ते बघतात. पहिलं वाचन झालं की ते काहीतरी बदलायला सांगतीलच: हेच हळू म्हण, हेच बायकोला म्हण, हेच चहा पिता पिता म्हण. दुसरं वाचन पहिल्यासारखंच झालं तर तिथंच गाडी थांबते. वाचताना बोट ओळीवर ठेवा, एक वाक्य डोळ्यांनी उचला, मान वर करा आणि समोरच्याकडे बघून बोला. वेळ लागला तर लागू दे. सुरू करण्याआधी एवढंच विचारा: हा कुणाशी बोलतोय, आणि त्याच्याकडून ह्याला काय पाहिजे? हे विचारल्याबद्दल कुणी रागावत नाही. उलट बरं वाटतं त्यांना.

आता उच्चार. आपली खोड दोन ठिकाणी. एक म्हणजे हवेची अक्षरं: 'भाकरी'ची 'बाकरी' होते, 'धोतर'चं 'दोतर'. तळहात तोंडासमोर धरून म्हणा. ख, घ, ध, भ ला हाताला वारा लागला पाहिजे. रोज दहा मिनिटं. दुसरी खोड लिंगाची, 'टॉवेल आली, चादर आला'. हिला इलाज नाही, संहितेत पेन्सिलीने खूण करायची. मी अजून करतो. बाकी काही धुऊन काढू नका. 'काय करायलास बे' हे पुण्याच्या वाड्यातल्या पात्राच्या तोंडी चालणार नाही हे खरं, पण सोलापूरचंच पात्र असेल तर ते दुसऱ्याला शिकवावं लागतं, तुम्हाला फुकट मिळालंय.

मात्र एक करू नका. पात्र ज्या जमातीचं आहे तिची भाषा म्हणून तोंड वाकडं करून काहीतरी बोलू नका. आमच्या ऑडिशनला एकानं केलं होतं, हॉल हसला. दिग्दर्शकांनी शांतपणे सांगितलं, "प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात आहे, सेटलमेंट इथंच आहे. ती माणसं तिसऱ्या रांगेत बसणार. त्यांच्यासमोर असं बोलशील?" आणि प्रयोगाला ती आली. माझ्या हजेरीच्या वेळी मागून एक म्हातारा नावाला 'हजर' म्हणाला. गंमत म्हणून म्हणाला की सवयीनं, आजवर कळलं नाही. मी पुढचं नाव विसरलो, विंगेतून प्रॉम्प्टरनं दिलं.

निवड होण्याआधी तुम्हीही त्यांना दोन-तीन गोष्टी विचारा. तालमी किती वाजता आणि किती दिवस. आमच्याकडे रात्री आठ ते अकरा, दीड-दोन महिने. पैसे कुणालाच नाहीत, चहा आलटून पालटून. कारखान्यात रात्रपाळी असेल तर आधीच सांगा. तालमी जानेवारीत असतील तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत येणार की नाही तेही सांगा, नाहीतर निम्मे कलाकार यात्रेत आणि निम्मे त्यांना शोधायला.

आणि परवानगीचं विचाराच. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. हरि नारायण आपटे 1919 ला गेले, त्यांच्या कादंबऱ्या मोकळ्या आहेत. मालतीबाई 2001 ला गेल्या, म्हणजे 'बळी' करायचं तर आजही वारसांचं परवानगीचं पत्र लागणार. शिवाय संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र पाहिजे. 'ते होईल हो' असं उत्तर आलं तर जरा सावध राहा. एका संस्थेत मी चाळीस दिवस तालीम केली, संवाद पाठ, हालचाली बसलेल्या, आणि मग कळलं की पत्रासाठी कुणी अर्जच केला नव्हता. प्रयोग झाला नाही. ते संवाद अजून पाठ आहेत, कामाचे नाहीत.

त्या दिवशी निकाल सांगणार नाहीत, वाट बघून जीव काढू नका. मला तेराव्या दिवशी कारखान्याच्या फोनवर निरोप आला. दिग्दर्शकच होते. आधी विचारलं, "तुझ्या घरी लोखंडी पेटी आहे का रे, जुनी?" म्हटलं, आहे, आईची. "नेपथ्याला पाहिजे. उद्या आठला येताना घेऊन ये. आणि पेन आणायचं विसरू नको."