कारवानी कुत्र्याला फक्त कच्चे मांस द्यावे का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: जत भागातील मळ्यावर तुमच्याकडे दोन वर्षांचा एक कारवानी (सडपातळ, वेगवान शिकारी जातीचा) नर आणि चार महिन्यांचे एक पिल्लू आहे, परदेशी शिकारी कुत्र्यांचे व्हिडिओ पाहून भाकरी बंद करावी आणि केवळ कच्चे मांस सुरू करावे, असे तुमच्या मनात आहे, शिवाय आठवडी बाजारातला खाटीक मेंढ्यांची काळजे (यकृते) आणि फुप्फुसे जवळपास फुकट देतो. मी आटपाडी तालुक्यात मेंढ्या आणि थोडे डाळिंब सांभाळतो. मी पशुवैद्य नाही, परंतु वीस वर्षांत माझ्या दारात कारवानी नाही असे एकही वर्ष गेलेले नाही, आणि पुढे लिहिलेल्या चुकांपैकी दोन मी स्वतः केलेल्या आहेत. मांस अवश्य द्या. भाकरी मात्र बंद करू नका, आणि खाटकाकडची ती फुकट पिशवी कच्ची तर मुळीच देऊ नका.

आधी त्या पिशवीविषयी. मेंढीचे काळीज किंवा फुप्फुस कापताना कधी कधी पांढरट, पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. आपल्याकडे तो भाग ‘खराब’ म्हणून बाजूला काढतात आणि नेमका तोच दारातल्या कुत्र्यापुढे टाकतात. या हायडॅटिड गाठी असतात, म्हणजे एका फीतकृमीची (आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या चपट्या जंताची) अपुरी वाढलेली अवस्था. कुत्र्याने ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात त्याच कृमीचे हजारो प्रौढ जंत तयार होतात. प्रत्येक जंत अवघा काही मिलिमीटर लांब असल्यामुळे विष्ठेत डोळ्यांना काही दिसत नाही, कुत्रा झडत नाही, त्याच्या धावण्यातही फरक पडत नाही. परंतु साधारण सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडू लागतात; ती चरणीच्या गवतावरून पुन्हा मेंढीच्या पोटात जातात आणि कुत्र्याच्या केसांवरून, मातीच्या हातांवरून किंवा न धुतलेल्या भाजीवरून माणसाच्या पोटातही जातात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात ती गाठ वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते आणि अनेकदा पोटाची सोनोग्राफी किंवा छातीचा एक्स-रे दुसऱ्याच कारणासाठी काढला असता सापडते. माडग्याळी मेंढ्या, राखणीचे कुत्रे आणि अंगणात खेळणारी मुले एकाच आवारात असलेल्या आपल्या भागात हे चक्र चालू राहायला आणखी कशाचीही गरज नाही. मेंढीची मुंडी फोडून मेंदू कुत्र्याला टाकण्याची पद्धतही अशीच घातक आहे. कळपातली एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरू लागते, त्या आजाराचे मूळ बहुधा कुत्र्याच्या पोटातल्या दुसऱ्या एका फीतकृमीत असते.

पिशवी वाया घालवायची नसेल तर अर्धा ते पाऊण तास खळखळून उकळा, तुकडे लहान करा आणि मगच द्या. दहा दिवस डीप फ्रीजमध्ये घट्ट गोठवल्यानेही या गाठी बहुधा मरतात, पण आपल्याकडची वीज पाहता मी त्या उपायावर विसंबत नाही. शिवाय गोठवल्याने साल्मोनेलासारखे जिवाणू मरत नाहीत, ते फक्त थांबून राहतात. जंताच्या गोळीबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवा. दुकानातली प्रत्येकच गोळी फीतकृमीवर चालते असे नाही. तिच्यात प्राझिक्वांटेल असावे लागते, किलोमागे ५ मिलिग्रॅम या हिशेबाने, आणि मेंढ्यांत वावरणाऱ्या कुत्र्याला ती दर सहा आठवड्यांनी द्यावी लागते. ही गोळी जंत मारते, अंडी मारत नाही, म्हणून नंतरचे दोन-तीन दिवस विष्ठा खोल पुरावी किंवा जाळावी.

आता भाकरीविषयी, कारण व्हिडिओवाले तिला कुत्र्याचे अन्नच मानत नाहीत. अलास्कातल्या बर्फगाडीच्या कुत्र्यांना कच्चे मांस आणि चरबी देतात हे खरे आहे, पण ते कडाक्याच्या थंडीत दिवसाला सुमारे १०,००० किलोकॅलरी जाळत तासन्‌तास पळतात आणि ते इंधन मुख्यतः चरबीचे असते. आपला कारवानी एका दमात झेपावणारा प्राणी आहे. त्या झेपेला स्नायूंतली साठवलेली साखर लागते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शर्यतीच्या ग्रेहाउंडांच्या आहारात प्रथिने वाढवून पिष्टपदार्थ कमी केले, तेव्हा ते किंचित हळू धावले. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या अनेक जादा प्रती असतात, हेही २०१३ साली दाखवले गेले आहे. तेव्हा जोंधळ्याची भाकरी ताकात कुस्करून देणारे आपले आजोबा काही अडाणी नव्हते. त्यात प्रथिने आणि चरबी कमी पडत असे, एवढीच उणीव होती.

चार महिन्यांच्या पिल्लाबाबत मात्र मी कठोर शब्दांत लिहितो. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य असते, साधारण पंधरा-वीसास एक. वाढत्या पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे जास्तच लागते. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढते. मी एका पिल्लाला लाडाने दोन महिने नुसता खिमा घातला होता. त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले, एकदा ओट्यावरून उडी मारताना नळीचे हाड मोडले, आणि ते कुत्रे पुढे जन्मभर फक्त बसून भुंकण्याच्या कामाचे राहिले. पिल्लू वर्षाचे होईपर्यंत कच्च्या मांसाचे प्रयोग करू नका. पिल्लांचे तयार खाद्य द्या, किंवा पशुवैद्याकडून कॅल्शियमचे प्रमाण ठरवून घ्या.

माझ्या मोठ्या कुत्र्याचे वजन २५ किलोच्या आसपास आहे. संध्याकाळी राखणीवर जाण्यापूर्वी मी त्याला पोटभर घालत नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्याने भरल्या पोटी धाव घेतली तर पोटाला पीळ पडून काही तासांत मृत्यू येऊ शकतो. मुख्य जेवण सकाळी, परतल्यावर तासभर विश्रांती झाली की देतो: कोंबडीच्या दुकानातले गळे, पाठी आणि पाय उकळून, हाडे सगळी वेगळी काढून, त्यात कुस्करलेली भाकरी किंवा कण्या, एक अंडे आणि आठवड्यातून दोनदा थोडे उकडलेले काळीज. शिजलेले हाड टोकदार फुटते, ते आतड्यात रुतते, म्हणून ते अजिबात देत नाही. व्हिडिओतले गोमांस २०१५ पासून आपल्या राज्यात विषयच उरलेला नाही, आणि मटणाचा भाव पाहता ते आधी घरच्यांच्या ताटात पडावे.

सशामागे कुत्रा सोडण्याचा उल्लेखही तुमच्या प्रश्नात आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार गुन्हा ठरते. शिवाय रानातल्या सशाच्या पोटातही फीतकृमीच्या गाठी असू शकतात. मोठ्या कुत्र्याने बाजारातले कच्चे काळीज आजवर कितीदा खाल्ले असेल याचा हिशेब करत बसू नका. याच आठवड्यात त्याला प्राझिक्वांटेल द्या, तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि घरातल्या मुलांना त्याच्याशी खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायला लावा.