लुसिटानिया बुडाली म्हणून अमेरिका युद्धात उतरली?

पहिल्या महायुद्धाबद्दल जे प्रश्न येतात त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतात, अमेरिका तटस्थ होती तर १९१७ मध्ये युद्धात का पडली. गोंधळही तोच तोच असतो, म्हणून या वेळी उत्तरं एकत्रच देतोय.

प्रश्न: आमच्या क्लासच्या नोट्समध्ये "जर्मनीने लुसिटानिया बुडवली म्हणून अमेरिका युद्धात उतरली" अशी एकच ओळ आहे. परीक्षेत एवढं लिहिलं तर चालेल का? (विद्यार्थिनी, पुणे)

नाही चालणार. लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडालं ७ मे १९१५ ला, अमेरिकेने युद्ध जाहीर केलं ६ एप्रिल १९१७ ला, मधे जवळजवळ २३ महिने गेले, आणि पैसे घेऊन नोट्स विकणाऱ्यांना ही साधी वजाबाकीसुद्धा करावीशी वाटत नाही याचा मला खरंच राग येतो. त्या जहाजावर १२०० च्या आसपास माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकन होते. देश खवळला, पण अध्यक्ष विल्सननी जर्मनीला खलिते पाठवले, सैन्य नाही, आणि ते खलितेही फार कडक आहेत म्हणून परराष्ट्रमंत्री ब्रायननी राजीनामा दिला. मे १९१६ मध्ये तर जर्मनीने शब्द दिला की इशारा न देता व्यापारी जहाजं बुडवणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विल्सन परत निवडून आले ते "यांनी आपल्याला युद्धापासून लांब ठेवलं" या प्रचारावर.

मग बिनसलं कुठे? व्यापार बघा, कारण तटस्थपणा एका दिवसात जात नाही, रोजच्या व्यवहारातून झिजत जातो आणि हे कोणी शिकवतच नाही. कायद्याने तटस्थ देशातले व्यापारी लढणाऱ्या दोघांनाही माल विकू शकत होते. पण ब्रिटिश नौदलाने उत्तर समुद्र अडवून धरलेला, जर्मनीकडे माल जाईना, त्यामुळे कागदावर दोघांना खुला असलेला बाजार प्रत्यक्षात एकालाच खुला राहिला. ब्रिटन-फ्रान्सकडची निर्यात १९१४ मध्ये ७५ कोटी डॉलरच्या आसपास होती, ती १९१६ पर्यंत पावणेतीनशे कोटींवर गेली. गहू, कापूस, घोडे, तोफगोळे, सगळं एकाच किनाऱ्याला. कारखान्यांना काम, शेतकऱ्याला भाव, आणि हे थांबवा म्हणायची हिंमत कोण करणार?

आता जर्मनीच्या बाजूने बघा. ९ जानेवारी १९१७ ला प्लेस इथे, कैसरच्या मुख्यालयातल्या बैठकीत, नौदलाने हिशेब मांडला की महिन्याला ६ लाख टन जहाजं बुडवली तर ब्रिटन पाच महिन्यांत गुडघे टेकेल. अमेरिका अंगावर येईल हे त्यांना माहीत होतं, तिचं सैन्य पोचायच्या आत सगळं आटोपेल अशी खात्री होती, आणि माल तर असाही शत्रूलाच जातोय मग ती तटस्थ राहून आपला काय फायदा, असा विचार झाला. १ फेब्रुवारीपासून पाणबुड्या मोकाट सुटल्या, ३ तारखेला अमेरिकेने संबंध तोडले, मार्चमध्ये 'व्हिजिलान्शिया', 'सिटी ऑफ मेम्फिस', 'इलिनॉय' ही अमेरिकन जहाजं बुडाली आणि २ एप्रिलला विल्सननी संसदेकडे युद्ध मागितलं. उत्तरात लुसिटानिया एक टप्पा म्हणून लिहा, कारण म्हणून नाही, आणि लिहिलेलं उत्तर कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना एकदा दाखवा.

प्रश्न: जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची तार ब्रिटिशांनी रचलेली होती असं एका व्हिडिओत सांगितलंय. खरं का?

खोटं. ३ मार्च १९१७ ला झिमरमननी स्वतःच तार आपली असल्याचं कबूल केलं. अमेरिकेविरुद्ध साथ दिली तर टेक्सास, न्यू मेक्सिको, अॅरिझोना परत मिळेल असं मेक्सिकोला आमिष दाखवणारी ही तार जर्मनीने पाठवली तीही अमेरिकेच्याच राजनैतिक तारेवरून, जी शांततेच्या बोलण्यासाठी विल्सननी वापरू दिली होती. त्यांचा संताप त्यामुळे जास्त होता. व्हिडिओ सोडा, तारेचा मजकूर छापलेला मिळतो, तो वाचा.

प्रश्न: बँकांनी आपलं कर्ज वाचवायला अमेरिकेला युद्धात ढकललं ना?

कर्ज खरं आहे. युद्धात उतरेपर्यंत ब्रिटन-फ्रान्स या दोस्त राष्ट्रांना २०० कोटी डॉलरच्या वर दिलं गेलं होतं, त्या मानाने जर्मनीला काहीच नाही. पण नोव्हेंबर १९१६ मध्ये फेडरल रिझर्व्ह बोर्डानेच (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) बँकांना बजावलं की ब्रिटनला तारणाशिवाय कर्ज देताना जपून, आणि त्यामागे विल्सन होते. बँकांच्या मुठीतला माणूस असं करेल का? दोन्ही बाजूंचे अभ्यासक वाचल्याशिवाय ठाम बोलू नका.

प्रश्न: हॉलंड, नॉर्वे कसे बाहेर राहिले?

राहिले, पण सुखाने नाही. नॉर्वेचा निम्मा व्यापारी ताफा बुडाला, २००० च्या आसपास खलाशी गेले. बंदरात उभी असलेली डच जहाजं १९१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटननेच ताब्यात घेतली. बेल्जियमच्या तटस्थतेला तर १८३९ च्या कराराची हमी होती, तरी जर्मन सैन्य घुसलंच.

प्रश्न: मुरगावला जर्मन जहाज जळालं म्हणून पोर्तुगाल युद्धात उतरलं असं आजोबा सांगायचे. (वाचक, वास्को)

दोन युद्धं एकत्र झालीत. पोर्तुगालने ब्रिटनच्या सांगण्यावरून बंदरांतली जर्मन जहाजं जप्त केली, मुरगावचीही, त्यावर ९ मार्च १९१६ ला जर्मनीने युद्ध पुकारलं. आजोबा म्हणायचे ते मुरगावचं जर्मन जहाज 'एहरेनफेल्स' जळालं ते ९ मार्च १९४३ च्या रात्री, कलकत्त्याहून आलेले ब्रिटिश स्वयंसेवक त्याच्यावर चढले तेव्हा त्याच्या खलाशांनीच ते बुडवलं, आणि त्या दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थच राहिलं. आजोबांनी काही लिहून ठेवलं असेल तर ते घेऊन पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा.

प्रश्न: पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होते. भारत तटस्थ होता ना? त्यांच्या पदकाचे लाखो मिळतील म्हणून एक जण आधी नोंदणी फी मागतोय. (सातारा)

भारत तटस्थ नव्हता. ४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन उतरलं तसं आपल्याला न विचारता भारतही उतरला. फी एक रुपयाही देऊ नका, आधी पैसे मागणारा माणूस पदकाचा जाणकार नसतो. पदक घासून चकचकीत करू नका, कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते ती भिंगाने वाचा आणि फोटो काढून ठेवा. पलटण मराठ्यांची असेल (मेसोपोटेमियातल्या कूत गावाच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकाच्या तिन्ही मराठा पलटणी होत्या) तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. पणजोबा तिकडेच वारले असतील तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत नाव फुकट शोधता येतं. पत्र या आठवड्यातच टाका, आणि घरात त्यांची आठवण असलेलं कोणी वयस्कर असेल तर त्याच्याही आधी त्यांच्यापाशी बसून सगळं लिहून घ्या.