गरम वायू मोजायचाय? मग आधी पार्श्वभूमी वजा कर

एम.एस्सी.च्या प्रकल्पात दीर्घिकेतला गरम वायू मोजायला एम ८७ ही दीर्घिका घेऊ नकोस. तिथे जेट (केंद्रातून वेगाने सुटणारा झोत) आणि कृष्णविवराने वायू एवढा ढवळलाय की नवख्याची वाट लागते. त्यापेक्षा एम ४९ बरी. तिच्या वायूचं तापमान १ कोटी केल्विनच्या आसपास आहे (आपला मे महिना त्यापुढे थंडच!), म्हणून तो क्ष-किरणांतच दिसतो. १९९९ पासून फिरणाऱ्या ‘चंद्रा’ या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीची निरीक्षणं फुकट मिळतात, सोलापुरात बसून साध्या लॅपटॉपवर काम होतं.

क्ष-किरणांची चमक घनतेच्या वर्गावर ठरते. घनता निम्मी झाली की चमक पाव. म्हणून मध्यभाग झगमगतो आणि कडा पार्श्वभूमीत, म्हणजे इतरत्रच्या क्ष-किरणांत आणि उपकरणाच्या गोंधळात, बुडते. गड्ड्याच्या यात्रेत मंदिराजवळ गर्दी ओळखू येते. पार लांब, यात्रेकरू कुठला आणि भाजीला निघालेला कुठला? तसंच इथे. त्यात एम ४९ वर कन्या या दीर्घिकासमूहाच्या वायूचा पडदाही आहे. पार्श्वभूमी जराशी चुकली की कडेची घनता साफ बिघडते. मी यात एक अख्खं सत्र घालवलंय.

आणि हो, ठिपक्यांसारखे स्रोत आधी झाक. बरेचसे क्ष-किरण जोडतारे (क्ष-किरण देणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या) असतात, वायू नव्हे. मग वर्तुळाकार पट्ट्या पाडून चमक मोज. आलेख आला की फाईल पाठव.