विमानाचे पाय, चाके आणि ब्रेक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेली बहुतेक पत्रे इंजिन आणि प्रोपेलर यांविषयी होती. पावसाळा सरत आला तशी चाके आणि ब्रेक यांविषयीची पत्रे वाढली, म्हणून या वेळी सगळी उत्तरे लँडिंग गिअरपुरतीच, म्हणजे विमानाचे पाय, चाके आणि ब्रेक यांपुरतीच ठेवली आहेत. स्वतः विमान बांधणारी माणसे आपल्याकडे थोडी आहेत; परंतु अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि त्यानंतर या विषयाकडे केवळ हौस म्हणून न पाहता गांभीर्याने पाहणारे वाचक वाढले, असा माझा अनुभव आहे. स्वतः बांधलेल्या विमानाच्या देखभालीचा भारही बांधणाऱ्यावरच असतो, आणि त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे जमिनीलगतचा.

प्रश्न (ठाणे) : माझ्या दोन आसनी विमानाला मागे लहान चाक असून पुढचे दोन्ही पाय थेट इंजिन माउंटमध्ये (इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यात) बसवलेले आहेत. गेल्या आठवड्यात उतरताना विमान जोरात आपटले. वरवर पाहता काही दिसत नाही. पुन्हा उडवण्यापूर्वी काय काय तपासावे?

उत्तर : आपण उड्डाण थांबवून हा प्रश्न विचारलात, हे फार चांगले केलेत. आपल्या विमानाच्या रचनेत पायाला बसलेला धक्का पायातच जिरत नाही. तो इंजिन माउंटच्या नळ्यांतून फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत जातो. त्यामुळे चाक आणि पाय ठणठणीत दिसत असतानाही इजा दोन हात वर, काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत झालेली असू शकते. काउलिंग पूर्ण उतरवल्याशिवाय ही तपासणी होत नाही.

काही वर्षांपूर्वी असेच एक विमान माझ्यासमोर आले होते. मालकांच्या शब्दांत ते ‘जरा धप्पकन बसले’ होते, आणि त्यानंतर त्याची तीन उड्डाणेही झाली होती. पायाची खोबण माउंटच्या नळीला जिथे वेल्ड केली होती, तिथल्या पांढऱ्या रंगावर केसाएवढी एक रेघ होती. ती डोळ्यांना दिसण्याआधी नखाला लागली. रंग रसायनाने काढला (पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर मुद्दाम वापरला नाही, कारण घासल्याने धातू सरकून भेगेचे तोंड बुजते), जागा स्वच्छ करून लाल डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंगीत द्रव) लावले, ते मुरू दिले, पुसून घेतले आणि वर पांढरा डेव्हलपर (भेगेत राहिलेला रंग शोषून बाहेर दाखवणारा थर) फवारला. दोन मिनिटांत त्या पांढऱ्या थरावर नळीच्या वळणाने जाणारी, बोटाच्या पेराएवढी लाल रेघ उमटली. तीन उड्डाणे त्या भेगेवर झाली होती.

आपण याच क्रमाने जावे. प्रथम विमान जॅकवर घ्यावे आणि शेपूट पक्के बांधावे. चाक वर आणि खाली धरून हलवावे, मग पुढे-मागे. जिथे खुळखुळ जाणवेल तिथला बोल्ट काढून भोक पाहावे, कारण धक्क्याने गोल भोक लांबट होते आणि मग नवा बोल्ट घालूनही ते सैलच राहते. बोल्ट सपाट काचेवर घरंगळत सोडल्यास त्याला आलेला बाक लगेच कळतो. त्यानंतर माउंटचा प्रत्येक वेल्ड दहापट दाखवणाऱ्या भिंगाने पाहावा. रंगाचा तडा आणि त्यातून आलेला गंजाचा तपकिरी ओघळ या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर तो वेल्ड फुटलेला आहे असे धरूनच पुढचे काम करावे. फायरवॉलच्या पत्र्यावर तिरपा उजेड टाकावा, म्हणजे समोरून न दिसणाऱ्या सुरकुत्या सावलीने उठून दिसतात. रिव्हेटांच्या डोक्यांभोवती काजळीसारखी काळी भुकटी असेल, तर ते रिव्हेट हलत आहेत.

आणखी एक गोष्ट, जी खरे म्हणजे आपटण्यापूर्वी करून ठेवायची असते. विमान सपाट फरशीवर उभे करून दोन्ही पंखांच्या टोकांची जमिनीपासूनची उंची, दोन ॲक्सलमधले (चाकांच्या आसांमधले) अंतर आणि ओळंबा सोडून घेतलेली चाकांची जागा ही मापे लॉगबुकात लिहून ठेवावीत. ही मापे असतील तर पाय वाकला आहे का, हे अर्ध्या तासात कळते. नसतील तर अंदाजच बांधावा लागतो.

पाय स्प्रिंग स्टीलच्या निमुळत्या सळईचा असेल, तर तो सरळ करण्यासाठी तापवू नये आणि त्याला वेल्डिंगची आच मुळीच लागू देऊ नये. त्याची सारी ताकद त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून थंड करून आणलेल्या कडकपणात आहे, आणि आच लागली की ते पाणी उतरते.

प्रश्न (वसई) : पायाच्या बैठकीचे काही बोल्ट गंजले आहेत. विमानाचे बोल्ट परदेशातून मागवायला वेळ लागतो. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हत्यार-बाजारात उच्च ताकदीचे बोल्ट सहज मिळतात आणि दुकानदार सांगतात की ते विमानाच्या बोल्टपेक्षाही मजबूत आहेत. ते वापरावेत का?

उत्तर : वापरू नयेत. दुकानदारांचे म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते फसवे ठरते. एएन जातीच्या (विमानांसाठीच्या अमेरिकी मानकाच्या) बोल्टची ताणशक्ती दर चौरस इंचाला १,२५,००० पौंड असते, तर मोटारींच्या ग्रेड ८ बोल्टची १,५०,००० पौंड. केवळ हा आकडा पाहिला तर दुसरा बोल्ट सरस वाटेल. परंतु पायाच्या बैठकीतल्या बोल्टवर नुसता ताण येत नाही. तो आडवा कातरला जाण्याचा भारही सोसतो, आणि तो भार बोल्टच्या गुळगुळीत दांड्याने घ्यायचा असतो, आट्यांनी नव्हे. विमानी बोल्टमध्ये हा गुळगुळीत भाग एक-अष्टमांश इंचाच्या टप्प्यांत मोजून मिळतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यावर आटे येत नाहीत. बाजारातल्या बोल्टचे आटे बहुधा निम्म्या लांबीपर्यंत असतात, आणि आट्याची खाच म्हणजे भेग सुरू होण्याची तयार जागा.

मापाचाही प्रश्न आहे. आपल्या किटमधले (विमान बांधण्याच्या सुट्या भागांच्या संचातले) भोक पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे असेल आणि बाजारातला बोल्ट ६ मिलिमीटरचा असेल, तर एक-तृतीयांश मिलिमीटरहून अधिक ढिलाई राहते. प्रत्येक उतरणीला बोल्ट भोकात आपटतो आणि भोक मोठे होत जाते. शिवाय विमानी बोल्टसोबत त्याचा कागद, म्हणजे दर्जाचा दाखला येतो. त्याच्या डोक्यावर फुलीची किंवा चांदणीची खूण असतेच, परंतु खूण कोणीही उमटवू शकतो. म्हणून कागद मागावा.

नवा बोल्ट बसवताना टॉर्क रेंच (आवळण्याचा पीळ मोजणारा पाना) वापरावा. पाव इंची एएन ४ बोल्टला ५० ते ७० इंच-पौंड टॉर्क लागतो. नायलॉनच्या कड्याचा नट मोकळा फिरवतानाच जो जोर लागतो, तो आधी मोजून त्यात मिळवावा. असा नट हाताने शेवटपर्यंत फिरू लागला की टाकून द्यावा. ब्रेकच्या डिस्कजवळ मात्र नायलॉनचा नट लावूच नये, कारण सुमारे १२० अंश सेल्सियसच्या पुढे त्या नायलॉनचा भरवसा राहत नाही. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट हवा.

नागदेवीला जरूर जावे, तिथे उत्तम भिंग, फीलर गेज (फट मोजण्याच्या पट्ट्या) आणि टॉर्क रेंच मिळतात. बोल्ट मात्र तिथून आणू नयेत.

प्रश्न (डोंबिवली) : डाव्या ब्रेकचे पेडल मऊ लागत होते. मेव्हण्यांचे मोटारींचे गॅरेज आहे. त्यांनी कारचे ब्रेक ऑइल घालून दिले. आता पेडल पूर्वीपेक्षा मऊ झाले असून चाकाजवळ ओल दिसते. काय चुकले?

उत्तर : मेव्हण्यांनी आपुलकीने केले, आणि कारसाठी ते योग्यच ठरले असते. कारचे डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल ग्लायकॉलवर आधारलेले असते, तर लहान विमानांच्या बहुतेक ब्रेकांत ५६०६ या क्रमांकाचे लाल रंगाचे खनिज तेल वापरतात. त्या ब्रेकांतले सील नायट्राइल रबराचे असतात. ग्लायकॉलमध्ये ते फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात. आपल्याला दिसणारी ओल त्याचीच आहे.

आता केवळ तेल काढून पुन्हा लाल तेल भरणे पुरेसे नाही. मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा तेलाचा पंप) आणि कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) उघडून प्रत्येक ओ-रिंग (रबरी सील) बदलावी, नळ्या अल्कोहोलने धुवाव्यात आणि कोरड्या कराव्यात. हे होईपर्यंत विमान टॅक्सीसुद्धा करू नये, म्हणजे जमिनीवरही चालवू नये. मागच्या चाकाच्या विमानात एकाच बाजूचा ब्रेक गेला, तर विमान धावपट्टीवर गर्रकन फिरते.

मुळात पेडल मऊ होते ते बहुधा आत हवा राहिल्यामुळे. लहान विमानात तेल खालून वर, म्हणजे कॅलिपरच्या निपलमधून (तेल भरण्या-काढण्याच्या तोंडातून) टाकीकडे, हळूहळू ढकलत भरावे. हवेचे बुडबुडे आपोआप वर जातात. तेल जोरात ढकलले तर त्याला फेस येतो आणि सारे काम पुन्हा करावे लागते. कॅलिपर उघडलेलाच असेल, तर लायनिंगची (डिस्कवर घासणाऱ्या अस्तराची) जाडीही मोजावी. ती अडीच मिलिमीटरच्या आसपास आली की लायनिंग बदलावे.

प्रश्न (वर्सोवा) : विमान चार महिने समुद्राजवळच्या हँगरमध्ये उभे होते. पाऊस आत येत नाही. तरीही चाकांचे बेअरिंग उघडणे आवश्यक आहे का? मेकॅनिककडचे कोणतेही चांगले ग्रीस चालेल का?

उत्तर : उघडणे आवश्यक आहे. मुंबईच्या पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण बेअरिंगचा खरा शत्रू तो पाऊस नसून खारी, दमट हवा आहे. उभ्या विमानाचा भार चार महिने त्याच दोन-तीन रोलरांवर राहतो. तिथले ग्रीस दाबून बाजूला सरते, दमट हवा आत शिरते आणि बाहेरच्या कड्यावर रोलरांच्या अंतराने बारीक तपकिरी पट्टे उठतात. त्या पट्ट्यांवरून नख फिरवावे. नख अडखळले, तर ‘कोन’ (रोलरांसह आतले कडे) आणि ‘कप’ (बाहेरचे कडे) दोन्ही बदलावेत. नवा कोन जुन्या कपात बसवणे ही खोटी काटकसर आहे. निळसर झाक दिसली तर बेअरिंग तापलेले आहे, तेही काढून टाकावे.

बेअरिंग केरोसीनमध्ये धुऊन स्वच्छ कापडावर वाळू द्यावे. कंप्रेसरच्या हवेने ते गरगर फिरवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु कोरडे रोलर त्यामुळे ओरखडतात, आणि क्वचित जाळीतून सुटून अंगावरही येतात.

ग्रीसच्या बाबतीत विमानाच्या किंवा चाकाच्या निर्मात्याने सांगितलेलेच वापरावे. ॲरोशेल २२ मध्ये चिकणमातीसारखा घट्ट करणारा घटक असतो, तर गॅरेजमधले पिवळे किंवा तांबडे ग्रीस बहुधा लिथियमवर आधारलेले असते. ही दोन्ही मिसळली की मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते. म्हणून प्रकार बदलायचा असल्यास जुन्याचा कणही ठेवू नये. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावे. दुसऱ्या बाजूने, रोलरांच्या फटींतून, ग्रीस वर येऊ लागले की ते खरे भरले गेले.

चाक बसवताना ते फिरवत फिरवत ॲक्सल नट आवळावा, किंचित अडखळू लागले की स्प्लिट पिनच्या जवळच्या भोकापर्यंत मागे सोडावा. चाक मोकळे फिरावे, पण खुळखुळू नये. स्प्लिट पिन दर वेळी नवीन लावावी.

यापुढे विमान उभे राहणार असेल, तेव्हा दर आठवड्याला ते हातभर पुढे ढकलावे. एवढ्यानेही बराच फरक पडतो. विमान धुताना चाकांच्या मध्यावर पाण्याचा जोराचा फवारा कधीही मारू नये.

प्रश्न (बोरिवली) : उतरल्यावर वेग कमी होत असताना पुढचे चाक थरथरते. मित्रांनी टायरमधली हवा कमी करायला सांगितले. ते योग्य आहे का?

उत्तर : हवा कमी केल्याने थरथर काही दिवस लपेल, कारण मात्र तसेच राहील. टायरचा दाब मॅन्युअलप्रमाणे ठेवून पुढचे चाक जमिनीवरून उचलावे आणि ॲक्सलला ताणकाटा अडकवून आडवे ओढावे. चाक वळू लागते त्या क्षणी काट्यावरचा आकडा किटच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर चाक जिच्याभोवती वळते त्या खुंटीवरच्या स्प्रिंग वॉशरांचा दाब सैल झाला आहे. नट आवळून पुन्हा मोजावे. त्यानंतरही थरथर राहिली, तर टायरचा तोल आणि खुंटीच्या बुशची झीज पाहावी.

हवा कमी करण्याचा तोटा पावसात अधिक जाणवतो. ओल्या धावपट्टीवर टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) काढायचा तर टायरमधल्या दर चौरस इंचावरील पौंडांतल्या दाबाच्या वर्गमुळाला ९ ने गुणतात. ३६ पौंड दाबाला हा वेग ५४ नॉट येतो, २५ पौंडांना ४५. म्हणजे चाकांची पकड नसलेला काळ तेवढा लांबतो, आणि लहान विमानांचा उतरण्याचा वेग बहुधा याच पट्ट्यात असतो.

प्रश्न (गिरगाव) : टायर मी स्वतः बदलू शकतो का?

उत्तर : बदलू शकता. लहान विमानाचे चाक बोल्टांनी जोडलेल्या दोन अर्ध्यांचे असते. बोल्टला पाना लावण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी आणि व्हॉल्व्हची सुई काढून हातात घ्यावी. हवा भरलेली असताना हे बोल्ट सोडले, तर दोन्ही अर्धे स्फोटासारखे उडतात आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. नवी ट्यूब घालताना तिला टाल्क पावडर लावावी, थोडी हवा भरून सोडून द्यावी म्हणजे घड्या निघतात, आणि मगच पूर्ण भरावी. शेवटी टायर आणि रिम यांच्यावरून एक आडवी रंगाची रेघ ओढावी. पुढे ती रेघ तुटलेली दिसली, तर टायर रिमवर सरकला आहे आणि आत ट्यूबच्या व्हॉल्व्हची मान ताणली जात आहे. तेव्हा चाक त्याच दिवशी उघडावे.