आधी भाषा की आधी कविता?

प्रश्न : मी काही वर्षांपासून चिनी भाषा शिकत असून सोप्या बातम्या आता वाचता येतात. थांग काळातील (इ. स. सातवे ते दहावे शतक) कविता मुळातून वाचाव्यात आणि त्यांतील डोंगर-नद्या प्रत्यक्ष पाहाव्यात, अशी फार इच्छा आहे. अभिजात चिनी, म्हणजे जुन्या ग्रंथांची भाषा, मात्र शेवटी हाती घ्यावी, असे शिक्षक सांगतात. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : शिक्षकांचे म्हणणे गद्यापुरते खरे आहे, कारण अभिजात गद्याचे व्याकरण वेगळे शिकावेच लागते. परंतु थांग काळातील चार ओळींच्या कविता चिनी मुले प्राथमिक शाळेतच पाठ करतात, तेव्हा आपणही थांबू नये.

थांग कवी ली बाय याची, यांगत्से नदीकाठचा बायदी गड पहाटे सोडल्याची कविता प्रथम घ्यावी. इ. स. ७५९ मध्ये हद्दपारीच्या वाटेवर असताना त्याला माफी मिळाली आणि तो यांगत्सेच्या प्रवाहाबरोबर नावेतून माघारी निघाला. अवघ्या २८ अक्षरांत रंगीत ढगांमधला गड मागे पडतो, हजार लींचे (‘ली’ हे अंतराचे चिनी माप) अंतर एका दिवसात सरते, आणि दोन्ही काठांवरचा वानरांचा आवाज थांबण्याआधीच हलकी नाव असंख्य डोंगर ओलांडून गेलेली असते. कवितेत ‘मी’ नाही, रोजच्या चिनीत पावलोपावली लागणारे छोटे सहायक शब्द नाहीत आणि माफीचा तर उल्लेखही नाही. सुटकेचा सगळा आनंद नावेच्या वेगात आहे. ‘अजून’ या अर्थी ज्याला आपण ‘हाय’ म्हणता, ते अक्षर येथे ‘परतणे’ या अर्थी आले असल्याने ‘हुआन’ असे वाचावे, नाहीतर यमक मोडते. कविता मोठ्याने म्हणावी. (रोमन लिपीतील ‘बी’ आणि ‘पी’ हे चिनीत अनुक्रमे आपल्या ‘प’ आणि ‘फ’च्या जवळचे आहेत, इंग्रजीची सवय येथे नडते, मराठीची उपयोगी पडते.)

त्यानंतर त्याच काळातील कवी दू फू वाचावा. तो ७६६ ते ७६८ या काळात याच परिसरात राहिला आणि तेथे त्याने चारशेहून अधिक कविता लिहिल्या. उंचावर चढून शरद पाहणाऱ्या त्याच्या आठ ओळींच्या कवितेत प्रत्येक जोडीतील ओळी समांतर आहेत : अमर्याद झाडांची पाने सळसळत खाली येतात, त्यासमोर न संपणारी नदी उसळत येते. एका ओळीतील अक्षर अडले, तर दुसऱ्या ओळीतील त्याच जागेवरचे अक्षर अर्थाचा अंदाज देते. शिकणाऱ्याला याहून चांगला आधार मिळणे कठीण.

ली बायने अनुभवलेला तो वेगवान प्रवाह मात्र आज दिसणार नाही. यांगत्सेवरील थ्री गॉर्जेस धरणाच्या जलाशयामुळे पाणी संथ झाले असून बायदी गडाचे बेट बनले आहे. गडासमोरचे क्वेमन हे घळीचे मुख आजही भव्य आहे. चीनच्या दहा युआनच्या नोटेवर तेच चित्र असते. छोंगछिंग शहराहून गडाजवळच्या फंगज्येपर्यंत २०२२ पासून वेगवान रेल्वे जाते. शक्यतो नोव्हेंबरच्या अखेरीस जावे, कारण त्या सुमारास आसपासच्या डोंगरांवरील पाने लाल झालेली असतात.