पिकअपला चुकीचे टायर : दावा कुणावर आणि कसा?

प्रश्न : माझी एकच मालवाहू पिकअप आहे, मीच चालवतो. नारायणगाव बाजारातून वाशीला टोमॅटो नेतो. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी मागचे दोन टायर बदलले. मूळ मापाचे टायर शिल्लक नव्हते, पण ‘हेही पिकअपला चालतात’ असे दुकानदार म्हणाला. ६ मे रोजी माळशेज घाट उतरल्यावर मुरबाडच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला आणि गाडी उलटली. कुणाला इजा नाही. दुकानदार टायर कंपनीकडे बोट दाखवतो. कंपनी म्हणते, टायरमध्ये दोष नाही, ओव्हरलोडमुळे फुटला. ओव्हरलोड आणि वेगळ्या मापाचे टायर ही कारणे देऊन विमा कंपनीनेही क्लेम नाकारला. टायर कंपनीवर केस करू का? आणि आता गाडीला कोणते टायर घालू?

उत्तर : टायर कंपनीवर केस करू नका. तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले, तर कंपनीचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्याचा फायदा तुम्हालाच होणार आहे.

फुटलेल्या टायरच्या बाजूवर ‘२१५/७५ आर १५ १००एस’ असे कोरलेले आहे. यातला १०० हा लोड इंडेक्स. त्याचा अर्थ, पूर्ण हवेत एका टायरने जास्तीत जास्त ८०० किलो पेलायचे. म्हणजे मागचे दोन मिळून १,६०० किलो. आता आरटीओच्या नोंदीकडे बघा. मूळ टायर ७.०० आर १५ एलटी (एलटी म्हणजे लाइट ट्रक, हलक्या मालवाहू गाडीचा), १२ प्लाय रेटिंग (टायरच्या मजबुतीचे माप). गाडीचे रिकामे वजन १,७०० किलो, भरलेल्या गाडीचे कमाल वजन ३,१५० किलो आणि मागच्या एक्सलवर २,१५० किलोची परवानगी. एका चाकावर १,०७५ किलो आले. त्यासाठी लोड इंडेक्स किमान १११ हवा, कारण १११ म्हणजे १,०९० किलो. ११० ला १,०६०च मिळतात. तुमच्या गाडीला जे टायर बसवले ते जीपसारख्या प्रवासी गाडीचे. मागच्या एक्सलला ते ५५० किलोने कमी पडतात. टायर वाईट नव्हता, तुमच्या गाडीसाठी चुकीचा होता. त्यामुळे ‘उत्पादनातला दोष’ सिद्ध करण्याच्या फंदात पडलात, तर टायर प्रयोगशाळेत जाईल, तपासणीचा खर्च तुम्हाला आधी भरावा लागेल आणि अहवाल बहुधा कंपनीच्या बाजूने येईल.

तुमचा खरा दावा दुकानदारावर आहे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चे कलम १६ सांगते, की ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी ते सांगितले आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असेल ही अट करारात न लिहिताही गृहीत धरली जाते. याच कलमात एक पळवाटही आहे. तुम्ही स्वतः ठरावीक कंपनीचा ठरावीक टायर नाव घेऊन मागितला असता, तर ही अट लागू झाली नसती. म्हणून दुकानात नेमके काय बोलणे झाले याला महत्त्व आहे. तुमच्याकडे दुकानदाराचा व्हॉट्सअॅप संदेश आहे, ‘पिकअपला चालतो, बिनधास्त टाका’. शिवाय गाडी त्याच्या दारात उभी होती आणि पुढच्या चाकांना ७.०० आर १५ दिसत होते. आपल्याला काय गाडी आहे ते माहीत नव्हते, असे तो म्हणू शकणार नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘दोष’ याची व्याख्या कलम २(१०) मध्ये आहे. करारातून, मग तो उघड असो वा गर्भित, जो दर्जा अपेक्षित आहे त्यात कमतरता म्हणजेही दोष. वस्तू विक्री कायद्याच्या कलम १६ ची अट इथे येऊन जोडली जाते. त्याशिवाय टायर बसवून देणे ही सेवा आहे आणि चुकीचे टायर बसवणे ही त्या सेवेतली त्रुटी. तक्रार या दोन पायांवर उभी करा. याच कायद्यातले ‘उत्पादन दायित्वा’चे, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या जबाबदारीचे, सहावे प्रकरण ऐकायला जोरदार वाटते, पण इथे ते पर्यायी मुद्दा म्हणून शेवटी ठेवा. कलम ८७ प्रमाणे वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेता त्या दायित्वातून सुटतो, आणि ओव्हरलोड म्हणजे गैरवापर असा बचाव नक्की येईल. शिवाय त्या प्रकरणाला लागू होणाऱ्या ‘हानी’च्या व्याख्येतून व्यावसायिक नुकसान वगळलेले आहे. तुमचे बुडालेले भाडे त्यात बसणारच नाही.

आता ओव्हरलोड. हे लपवू नका, लपणारही नाही. हुंडेकऱ्याच्या (माल पाठवणाऱ्या वाहतूक एजंटाच्या) पावतीवर ७५ क्रेट लिहिलेले आहेत. २० किलोच्या हिशोबाने टोमॅटो १,५०० किलो, रिकामे क्रेट दोन-दोन किलोचे धरले तर १५०. कायद्यातल्या रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस धरत नाहीत, हे बहुतेक गाडीवाले विसरतात. दोघांचे १४० किलो मिळवा. एकूण ३,४९० झाले, परवानगीपेक्षा ३४० जास्त. दुकानदाराचा वकील यावरच जोर देईल. त्याला उत्तर मागच्या एक्सलच्या हिशोबात आहे. रिकाम्या गाडीचा मागच्या चाकांवरचा भार सहाशे-सातशे किलो असेल, तर पिकअपमध्ये माल बहुतांश मागेच बसत असल्याने साधारण हजार किलोच्या आसपास मालातच या टायरांची १,६०० किलोची मर्यादा संपते. तुम्ही नियमात राहून माल भरला असता तरी टायर मर्यादेबाहेरच चालले असते. हे आकडे अंदाजावर ठेवू नका. तुमच्याच मॉडेलची दुसरी रिकामी पिकअप वजनकाट्यावर न्या, फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचे घ्या, आणि दोन्ही पावत्या तक्रारीला जोडा. पाचशे रुपयांच्या आत होणारे हे काम तज्ज्ञाच्या दहा पानी अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एक कच्चा दुवा मात्र तुमच्या बाजूनेही आहे. माप वेगळे आहे हे तुम्हाला माहीत होते. ‘मला काहीच कल्पना नव्हती’ असे प्रतिज्ञापत्रात लिहिलेत, तर उलटतपासात तोंडघशी पडाल. लिहायचे ते असे : माप वेगळे असल्याचे सांगितले होते, भार पेलण्याची क्षमता कमी असल्याचे सांगितले नाही. ओव्हरलोड आणि हे दोन्ही धरून ग्राहक आयोग भरपाईत काही कपात करू शकतो, याची तयारी ठेवा. ‘टायर फुटणे ही दैवी आपत्ती’ हा दुकानदाराचा बचाव मात्र फारसा चालणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात टायर फुटणे ही दैवी आपत्ती मानायला नकार दिला आहे.

गाडी धंद्याची आहे, मग तुम्ही ‘ग्राहक’ कसे, हा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही, असे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात ट्रक स्वतः चालवणाऱ्याचेच उदाहरण दिले आहे. एक-दोन मदतनीस असल्याने फरक पडत नाही. गाडी सर्वस्वी दुसऱ्यानेच चालवली तर पडतो. म्हणून ‘एकच गाडी, मी स्वतः चालवतो, यावरच कुटुंब चालते’ हे वाक्य तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात हवे. सोबत तुमचा परवाना, आरसी आणि बँकेचा उतारा.

पुरावा सांभाळण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण अशी प्रकरणे इथेच बुडतात. फुटलेला टायर दुकानदाराला किंवा कंपनीच्या प्रतिनिधीला ‘तपासायला’ देऊ नका. क्लेमला गेलेला टायर पुन्हा हातात येईलच असे नाही. त्यांना बघायचा असेल तर तुमच्या घरी येऊन बघू द्या. टायर रिमसकट गोणपाटात बांधून सावलीत ठेवा. दोन्ही बाजूंचे सगळे अक्षर-आकडे वाचता येतील असे फोटो काढा. उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे कित्येकदा एकाच बाजूला असतात. तुमच्या फोटोत ते १४२० आहेत, म्हणजे २०२० सालचा चौदावा आठवडा. जवळपास पाच वर्षे पडून असलेला माल ‘ताजा’ म्हणून विकला असेल तर जुनी वस्तू नवी भासवणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. मात्र तेवढ्यावर केस उभी राहत नाही, हा जोडमुद्दा म्हणून लिहा. टायरच्या आतूनही फोटो घ्या. आतल्या बाजूला गोल फिरलेल्या सुरकुत्या आणि रबराचा भुगा दिसला तर टायर भाराखाली किंवा कमी हवेत दबून चालल्याची ती खूण. एकाच जागी फुलीसारखी चीर असेल तर दगडाचा किंवा खड्ड्याचा मार. दुसरी निघाली तर मला आधी कळवा, कारण मग तक्रारीचा मजकूर बदलावा लागेल. पुढचा टायर, स्टेपनी आणि फुटलेल्याचा जोडीदार शेजारी उभे करून एक फोटो काढा. मापातला फरक आयोगाला एका नजरेत कळेल.

तुमच्याकडे कच्ची पावती आहे, ‘टायर २ नग’ एवढीच. यूपीआयने पैसे दिलेत, तो उतारा काढा आणि नोटिशीत रीतसर बिल मागा. बिल न देणे हीसुद्धा कलम २(४७) खालची अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्हॉट्सअॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरणार नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा, आणि तो फोन विकू नका.

नोटीस बंधनकारक नाही, पण द्या. पंधरा दिवसांची मुदत, स्पीड पोस्टाने, पोच जपून. नंतर तक्रार पुणे जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही जुन्नर तालुक्यात राहता एवढे अधिकारक्षेत्राला पुरेसे आहे, दुकान कुठेही असो. आयोगाची मर्यादा आणि शुल्क मोजलेल्या किमतीवर ठरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे, त्यामुळे टायरच्या किमतीवर तुम्हाला काहीच भरावे लागणार नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. मुदत दोन वर्षांची. अपघातापासून मोजायची की खरेदीपासून, या वादात न पडता १० फेब्रुवारी २०२७ ही शेवटची तारीख समजा. टायरची किंमत, विम्यातून न मिळालेला दुरुस्ती खर्च, क्रेनचे भाडे आणि गाडी उभी राहिली त्या दिवसांचे उत्पन्न मागा. उत्पन्नासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या हुंडेकऱ्याच्या पावत्या आणि फास्टॅगचा उतारा लागेल. ‘मानसिक त्रासाचे दहा लाख’ असले आकडे टाकू नका, बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

विमा कंपनीची तक्रार स्वतंत्र करा, पण मजकूर दोन्हीकडे तंतोतंत एकच हवा. एकीकडे ‘टायर अगदीच अयोग्य’ आणि दुसरीकडे ‘टायर ठीक होते’ असे लिहिलेत तर दोन्ही बुडतील. विम्यात तुमचा आधार हा, की अटीचा भंग मूलभूत नसेल तर अख्खा क्लेम नाकारता येत नाही. ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या अमलेंदु साहू निकालात हा तक्ता आहे आणि त्यात परवानगीपेक्षा जास्त माल भरल्याची वेगळी नोंद आहे. टायर बदलाच्या मुद्द्यावर कंपनी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५८ वर बोट ठेवेल, कारण मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरची संख्या, प्रकार आणि माप लिहिलेले असते. माझ्या मते हाही ७५ टक्क्यांत बसणारा भंग आहे, पण तुमच्या प्रकरणात टायरचा अपघाताशी थेट संबंध असल्याने शंभर टक्क्यांची आशा धरू नका. सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) अहवालाची प्रत लेखी मागा. पॉलिसीत ‘आयएमटी २३’ हे जोडकलम आहे का ते बघा. नसेल तर मालवाहू गाडीत टायर, ट्यूब, बंपर, दिवे, रंगकाम यांचे पैसे, गाडी पूर्ण निकामी झाल्याखेरीज, मिळत नाहीत. विमा लोकपालाकडे जाण्याचा विनाशुल्क मार्गही आहे, मात्र नकाराच्या पत्रापासून एका वर्षाच्या आत, आणि आयोगात तक्रार दाखल करण्याआधी.

नवे टायर नोंदणीतल्या मापाचेच घ्या : ७.०० आर १५ एलटी, १२ प्लाय रेटिंग, लोड इंडेक्स १११ किंवा वर. एलटी ही अक्षरे नसतील तर माप जुळले तरी परत करा. इंडेक्सचे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकांचा. तुमच्या गाडीला पहिला बघायचा. आयएसआय खूण हवीच. मागचे दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे आणि नक्षीचे. एका एक्सलवर रेडियल आणि साधा नायलॉन टायर मिसळू नका. ट्यूब जुनी वापरू नका. हवा दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेली, टायर थंड असताना भरा. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. बिलावर माप, प्लाय रेटिंग, लोड इंडेक्स, दोन्ही टायरांचे अनुक्रमांक आणि गाडीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.