बारीक आहे, टेकडी चढतो, मग टेस्ट कशाला?

सप्टेंबर संपत आला की २९ तारखेच्या हार्ट डेमुळे सगळीकडे लाल बदाम दिसायला लागतात आणि आमच्याकडे रिपोर्टचे फोटो यायला लागतात. त्यातलेच काही प्रश्न घेतलेत.

प्रश्न : डॉक्टर, वय ३८, कोथरूडला राहतो, हिंजवडीत आयटीत आहे. वजन ६४, सिगरेट नाही, हनुमान टेकडी जवळपास रोजची. मोठ्या भावाला ४९ व्या वर्षी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून बायको मागे लागलीये की लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घे. पण मला काहीच होत नाहीये, दमही लागत नाही, मग उगाच कशाला?

उत्तर : वहिनींचं ऐका. काही होत नाहीये हाच तर यातला घोळ आहे, कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या भिंतीत साठत राहतं आणि नळी बरीच अरुंद होईपर्यंत पत्ता लागत नाही. बरेचदा तर ब्लॉकेज फार मोठं नसतंच, तो चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काल टेकडी चढलेला माणूस आज आयसीयूत असतो. शिवाय सख्ख्या भावाला किंवा वडिलांना ५५ च्या आत, आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयाचा त्रास झाला असेल तर ती फॅमिली हिस्टरी धरतात, म्हणजे तुम्ही त्यात बसलात.

राहिला बारीकपणा. त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात स्वतःचाच फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! बाहेरून बारीक, आतून चरबीवाले, आपल्यात हे खूप दिसतं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासातही भारत आणि आसपासच्या देशांतल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा टेप घ्या, बेंबीपाशी कंबर मोजा, पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं, बायकांत ८०.

लिपिडसोबत शुगर आणि बीपीही बघून घ्या. भावाचा प्रकार बघता लिपोप्रोटीन-ए नावाची टेस्टही करा, हा एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण, त्याचं प्रमाण आनुवंशिक असतं, बहुतेकांना आयुष्यात एकदा केली की पुरते. एलडीएल १९० च्या पुढे निघालं तर मुलांचंही तपासायला लागेल. टेकडी मात्र सोडू नका.

प्रश्न : टोटल कोलेस्टेरॉल १९६ आलंय, २०० च्या आत आहे. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एलडीएल १२२. वय ५२, शुगरची गोळी चालू आहे. म्हणजे पास ना? (हडपसर)

उत्तर : नाही हो. टोटलचा आकडा बघून पेढे वाटणारे खूप भेटतात. टोटलमधून एचडीएल वजा करा, १६० उरले, हे नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिनीला त्रास देणारं सगळं मिळून, साध्या तब्येतीच्या माणसातसुद्धा ते १३० च्या आत असलेलं बरं. तुम्हाला डायबेटिस आहे, तुमचं एलडीएल आम्ही ७० च्या खाली बघतो, लॅबच्या कागदावरची रेंज सगळ्यांसाठी एकच छापलेली असते. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त ही जोडी आपल्याकडे फार, त्यात तेला-तुपाइतकाच भात, मैदा, गोड आणि शनिवारच्या ‘बसण्याचा’ हात असतो. रिपोर्ट फाइलला लावून ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा, स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल, विचारा.

प्रश्न : ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं तेल महाग असलं तरी घ्यावं का? आणि टेस्टला उपाशीच जायचं ना?

उत्तर : शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं म्हटलं तरी चालेल, ते प्राण्यांकडून येतं, त्यामुळे त्या लेबलसाठी जास्त पैसे कशाला. तेल किती वापरता आणि तळलेलं पुन्हा पुन्हा तापवता का ते बघा. पहिल्या तपासणीला उपाशी नसलात तरी बहुतेकांना चालतं, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तर उपाशीपोटी परत करायची.

प्रश्न : आई ६१ वर्षांची, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते. कोलेस्टेरॉलची गोळी घ्यायची, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली, शेजारच्या काकू म्हणाल्या लिव्हर खराब होतं. हल्ली जिना चढताना छातीत जळजळतं, थांबली की बरं वाटतं, ॲसिडिटीचं औषध घेते. कोलेस्टेरॉल परत तपासू का?

उत्तर : ते नंतर. चढताना होतं आणि थांबलं की जातं, हे ॲसिडिटीचं लक्षण नाही वाटत, हृदयाला रक्त कमी पडत असेल तर असंच होतं, आईंना आजच डॉक्टरांकडे न्या. बायकांत आणि डायबेटिसवाल्यांत कळ छातीत न येता जबडा, पाठ, नुसती धाप किंवा मळमळ असंही येतं. बसल्या बसल्या काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी तेवढ्यावर परत येऊ नका, पुढची तपासणी विचारा.

रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच, बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत वर जातो. स्टॅटिन १९८७ पासून बाजारात आहेत, काहींचे स्नायू दुखतात, शुगर जराशी वाढू शकते, लिव्हरचा मोठा त्रास क्वचितच. दुखलं तर डोस कमी करता येतो, दुसरी गोळी देता येते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, काकूंना नको.

आणि बसल्या जागी छाती भरून आली, घाम फुटला, थांबूनही कळ गेली नाही तर लगेच १०८ लावा, आईंना जिना उतरायला लावू नका, आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीतून स्कूटरवर मागे बसवून तर अजिबात नेऊ नका.